चाकाची निशाणी

मुक्ताबाईनं बोरू शाईत बुडवला आणि मागं बसलेल्या भैरूच्या अंगाची लाही लाही झाली.

शनिवार पेठेतल्या देवळात गोत, म्हणजे निवाडा करणारी सगळ्या धंद्यांची घरं, जमलं होतं. तंटा गोतातल्या तेल्यांच्या जागेचा. रीत अशी, की प्रत्येक घरानं आपलं मत सांगायचं आणि कागदाखाली धंद्याची निशाणी काढायची. पाटलाचा नांगर, माळ्याचं खुरपं, कुंभाराचं चाक. कुंभारांचं मत एकच, थोरल्या घराचं. थोरला भाऊ वारला तेव्हा भैरूला वाटलं, आता आपली पाळी. कसचं काय! मान गेला वहिनीकडे, या मुक्ताबाईकडे. उन्हातान्हात चाक फिरवायचं भैरूनं, आणि कागदावर काढायचं हिनं! पाच वर्षं तो जळत होता. ओल्या मातीवर बोटानं चाकं गिरवून गिरवून त्याचा हात बसला होता. मत म्हणजे काय, असं कुणी विचारलं असतं, तर त्यानं चाकच काढून दाखवलं असतं.

आजही सकाळपासून एवढी बोलाचाली झाली, पण त्याची नजर वहिनीच्या हातावरून हलली नव्हती.

मुक्ताबाई एकदम वळली.

"भाऊजी, या. आज तुम्ही काढा."

"मी?"

"मग कोण? पाच वर्षं तुमचे डोळे टोचताहेत माझ्या पाठीला."

माळी फिसकन हसला. आप्पासाहेब पाटलांनी मान डोलावली.

"तुमचं घरात ठरलं असेल, तर गोताची ना नाही."

भैरूनं बोरू जवळजवळ हिसकावलाच. चाक काढलं, तेही पाटलाच्या नांगराहून मोठं. मधली खुंटीसुद्धा सोडली नाही.

"अरे, घाई काय!" कुळकर्ण्यांनी कपाळावर हात मारला. "आधी मत, मग निशाणी. बोल आता. चार घरं इकडे, चार तिकडे. तुझ्यावर अडलंय."

"कशाचं?"

"कशाचं म्हणजे? बायडाबाई म्हणते, नवऱ्यामागं घाणा मी चालवते, जागा माझी. दीर म्हणतो, बाईमाणसाला कसला मान, जागा माझी. तिनं राहायचं की उठायचं?"

भैरूचे कान तापले. त्यानं हळूच मागं पाहिलं.

"वहिनी, आपण काय म्हणायचं?"

"आपण नाही. मत आता तुमचं."

बायडाबाईचा दीर समोरच बसला होता. त्यानं भैरूला ओळखीचं हसून दाखवलं. खांबापाशी बायडाबाई उभी होती. ती सकाळपासून तिथंच होती, हे भैरूला आत्ता दिसलं.

"लवकर सांग रे," पाटील म्हणाले. "ऊन कललं."

भैरूनं बोरू खाली ठेवला.

"बाई," तो म्हणाला, "पुन्हा सांगा. पहिल्यापासून."