उजवी टाकी

जुनवानीतल्या भैय्याजींनी घरामागच्या शेडमध्ये विमान बांधायला घेतलं, तेव्हा शेजारपाजाऱ्यांना वाटलं मोठा कूलर बनतो आहे. पंख दिसले तेव्हा सगळ्यांची बोलती बंद झाली. स्टील प्लांटमधून निवृत्त झालेला माणूस इथे बहुधा देवळाच्या कमिटीत शिरतो, नाहीतर नागपूरकडे प्लॉट बघत फिरतो. भैय्याजींनी दोन माणसांच्या विमानाचं किट मागवलं. सुपेल्याच्या वर्कशॉपांत खेटे घालून, सरकारी परवानग्यांसाठी चपला झिजवून, त्यांनी ते एकदाचं नंदिनी गावाकडच्या धावपट्टीवर नेऊन उभं केलं.

या सगळ्यात त्यांच्याबरोबर होती ऐश्वर्या, त्यांची एकुलती एक मुलगी. पंखांचे रिव्हेट तिने ठोकले होते. उडवायलाही दोघं एकाच क्लबात शिकली, आणि लायसन तिला आधी मिळालं. हे भैय्याजी पाहुण्यांना कौतुकाने सांगत. पण विमान उडायला लागल्यापासून वैमानिकाची डावी खुर्ची त्यांची आणि उजवी तिची, हे जे ठरलं ते ठरलं. विमान वळवायचा दांडा तिच्या हाती काही आला नाही.

प्लांटमध्ये भैय्याजींची उमर पंपहाउसमध्ये गेली. तिथे प्रत्येक पंपाला एक जोडीदार असतो. एक चालतो, दुसरा स्टँडबाय. चालता पंप बसला की स्टँडबाय सुरू. हा कायदा त्यांच्या अंगात इतका मुरला होता की घरी पाण्याचे माठसुद्धा दोन असत आणि त्यातल्या एकाला कोणी हात लावायचा नसे. विमानाला दोन पंखांत दोन टाक्या, आणि पायांजवळ पेट्रोलचा एक कॉक: डावी, उजवी, बंद. दोन्ही टाक्या आलटून पालटून वापरा म्हणजे वजन सारखं राहतं, असं किटबरोबरच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलेलं. भैय्याजींनी ते वाचलं आणि डावी टाकी चालती, उजवी स्टँडबाय, असं जाहीर केलं. उजवी काठोकाठ भरून ठेवली. साहजिकच विमान उजवीकडे कलायला लागलं. तेव्हा त्यांनी पंखाच्या हलत्या फळीला पत्र्याची एक पट्टी ठोकली आणि आजार बरा झाला म्हणून हात झटकले.

"बाबा, एकदा उजवी लावून तर पाहा," ऐश्वर्या म्हणायची.

"स्टँडबायले उगाच हात लावत नसते बेटा. वेळेवर कामी येते ते."

"आणि मी? मले कधी देता उडवाले?"

"तू आहेच ना. मले काही झालं तर तुलेच तं उतरवाचं आहे."

स्वयंपाकघरातून रत्नमालाबाईंनी हे ऐकलं. नवऱ्याला सुनावायची संधी त्या सहसा सोडत नसत. "पोरगी काय लोणच्याची बरणी आहे, झाकून ठेवाले?" त्या म्हणाल्या. भैय्याजी हसले. बायकोचं बोलणं हसण्यावारी नेलं की त्याचं उत्तर द्यावं लागत नाही, हा त्यांचा जुना अनुभव होता.

पण या वेळी गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. महिनाअखेरीस ऐश्वर्याच्या लायसनची मुदत संपत होती. नवं करायचं तर स्वतः उडवलेले तास दाखवावे लागतात. शेजारी बसून ढग मोजलेले चालत नाहीत. तास भरले नाहीत तर लायसन गेलं, आणि सगळं पुन्हा परीक्षेपासून.

"रविवारी राजनांदगावपर्यंत जाऊन येऊ," भैय्याजी म्हणाले. "येताना तू घे. वादा."

रविवारी जाताना सगळं छान झालं. परत वळले तेव्हा समोरून वारा लागला. ऐश्वर्याने हात पुढे केला.

"आज हवा आहे बेटा. पुढच्या वेळी."

"ठीक है," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर पाहू लागली. तिचं मराठी संपलं की राग सुरू झाला, हे भैय्याजींना माहीत होतं. त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

समोरच्या वाऱ्याने परतीचा वेळ वाढला. टाकीतलं पेट्रोल दाखवणारी काचेची नळी दोन्ही बाजूंना होती. डावीकडच्या नळीत बोटभर उरलं, तेव्हा भैय्याजींनी मोठ्या ऐटीत कॉक उजवीकडे फिरवला. "पाह्य, यासाठी असते स्टँडबाय!"

शिवनाथ नदी ओलांडेपर्यंत इंजिन सुरळीत चाललं. मग खोकलं. भैय्याजींनी पेट्रोलच्या पंपाचं बटण दाबलं. इंजिन सावरलं, पुन्हा खोकलं, आणि त्याची ताकद उतरायला लागली. त्यांनी उजवीकडच्या नळीकडे पाहिलं. नळी भरलेली होती.

"टाकी भरलेली आहे," ते म्हणाले. कोणाला म्हणाले, देव जाणे. "टाकी तं भरलेली आहे."

भरलेल्या टाकीवर इंजिन उपाशी कसं मरेल? त्यांचा हात कॉकवरच होता, पण फिरत नव्हता. स्टँडबायवरून रिकाम्या टाकीवर परत जायचं, हे त्यांच्या डोक्यात बसतच नव्हतं. पंपहाउसमध्ये असं कोणी केलं असतं तर त्याची त्यांनी बिनपाण्याने केली असती. खालची शेतं जवळ येत होती आणि भैय्याजी नळीकडे बघत बसले होते.

"बाबा, डावीवर घ्या!"

"काही नाही उरलं तिच्यात."

"थोडं आहे. घ्या ना!"

त्यांनी घेतलं नाही. तेव्हा ऐश्वर्याने त्यांच्या हातावर आपला हात ठेवला आणि हातासकट कॉक फिरवला. एक क्षण नुसताच वारा ऐकू आला. मग इंजिनने पकड घेतली.

"दांडा सोडा बाबा. मी घेतलं."

त्यांनी सोडला. तिने घाई केली नाही, इंजिन जेवढ्यास तेवढं चालवलं आणि घिरट्या न घालता विमान सरळ धावपट्टीवर नेऊन टेकवलं. धावपट्टीजवळच्या शेडपर्यंत पोचायच्या आत इंजिन आपसूक बंद पडलं. डाव्या टाकीत खरोखरच काही उरलं नव्हतं.

खाली उतरून ऐश्वर्याने उजव्या टाकीचं झाकण फिरवलं. टाकीने सूं करून हवा आत ओढली. टाकीत हवा जाण्यासाठी पंखाखाली एक बारकी नळी असते. ती मातीने गच्च बुजलेली होती. कुंभारीण माशीने आत घर केलं होतं. पेट्रोल जात होतं आणि त्याच्या जागी हवा येत नव्हती, म्हणून टाकी भरलेली असून द्यायला तयार नव्हती. डाव्या टाकीच्या नळीत भैय्याजी दर वेळी तार घालून पाहत. उजवी वापरायचीच नाही, तर तिची नळी कशाला पाहायची!

ते पंखाखाली मातीतच बसले. दर मंगळवारी पंपहाउसमध्ये चेंजओव्हर व्हायचा, हे त्यांना आता आठवलं. चालता पंप बंद, स्टँडबाय सुरू. उभा पंप जाम होतो, म्हणून. या मंगळवारासाठी त्यांनी किती जणांवर आरडाओरडा केला होता! निवृत्त होताना त्यांनी कायद्याचा सोयीचा तेवढा अर्धा भाग घरी आणला होता.

"मी भेलो होतो बेटा," ते म्हणाले. "हातच चालला नाही माझा."

"मी बी भेली होती."

"तू लय चांगलं उतरवलं."

ऐश्वर्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाजात राग होता. "आज मले पहिल्यांदा दांडा भेटला बाबा. तो बी इंजिन बंद पडून राहिलं होतं तेव्हा."

भैय्याजींना स्वतःची लाज वाटली, आणि ती त्यांनी लपवली नाही.

पुढचा आठवडा दोघांनी टाक्या धुण्यात घालवला. नळ्यांच्या तोंडांना जाळी बसली, दोन्ही टाक्यांवर जमिनीवर इंजिन चालवून झालं, आणि पत्र्याची पट्टी भैय्याजींनी स्वतः उपटून फेकली. रविवारी रत्नमालाबाईही आल्या. ऐश्वर्या डाव्या खुर्चीत बसली. तिने उजवीकडचं दार उघडं ठेवलं होतं.

"या ना बाबा."

भैय्याजी दारापर्यंत गेले, आणि त्यांनी ते बाहेरून लावलं. "नाही बेटा. मी बसलो की माझा हात दांड्यावर जाईन. तू जा."

विमान धावलं आणि उचललं गेलं. भैय्याजी मान वर करून बघत राहिले. हे विमान त्यांनी बांधलं, उडवलं, पण उडताना कधी पाहिलंच नव्हतं. दर वेळी ते आतच असायचे. ते इतकं सुंदर दिसतं हे त्यांना माहीत नव्हतं.

विमान दूर गेलं, वळलं, पुन्हा डोक्यावर आलं. आता तिने टाकी बदलली असेल, असा वेळ झाला. भैय्याजी कान देऊन ऐकू लागले. आवाज एकसारखा येत राहिला.

"उतरून राहिली का आता?" रत्नमालाबाईंनी विचारलं. त्यांचा सगळा जीव वर टांगलेला होता.

"नाही," भैय्याजी म्हणाले. "तास भराचे आहेत तिले. फिरू दे."