एका पुसल्या गेलेल्या पदाचा जळफळाट

मी पद बोलतोय. खुर्चीवाल्यांचं पद नव्हे, गाण्यातलंही नव्हे; समीकरणातलं. हिग्ज नावाचा कण इतर कणांना वजन देतो, त्याच्या ओळीत मी बसतो. अख्ख्या समीकरणात माप आहे ते फक्त माझ्याकडे. मला काढलं, तर सगळं कितीही मोठं करा, लहान करा, रूप तेच राहतं. या गुणाला अनुरूप सममिती म्हणतात. ती मोडतो मी!

मला फळ्यावर लिहीत ते विद्यापीठातले सर. त्यांची मुलगी त्यांना बाबा म्हणते, म्हणून मीही बाबाच म्हणतो. डोळे मिटून लिहीत मला. मग मुलगी त्याच विभागात संशोधन करू लागली आणि माझे ग्रह फिरले.

“बाबा, हे एक पद पुसते हं. याची किंमत हातानं जुळवत बसावी लागते. केसभर चुकली की सगळं बिघडतं.”

“अगं, मग वजन कुठून येणार?”

“आपोआप. कणांच्या आपसातल्या देवाणघेवाणीतून.”

“आपोआप घरातली भांडीसुद्धा घासली जात नाहीत!”

तिनं पुसलंच. पहिलं गणित साफ फसलं. हिग्ज प्रयोगात मोजलाय त्याहून फारच हलका निघाला. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. आता बोलावतील सन्मानानं! पण तिनं आणला एक नवाच कण. कुणी पाहिलेला नाही, कुळाचा पत्ता नाही. त्याची हिग्जशी गट्टी जमली आणि गणितातून वजन आपसूक उगवलं. मी जळून खाक झालो.

बाबांनी अख्खी सुट्टी चूक शोधण्यात घालवली. जेवताना कागद, दाढी करताना कागद. शेवटी चष्मा काढून म्हणाले, “चूक नाही गं. पण तो कण दिसेपर्यंत वर्गात मी जुनंच शिकवणार.”

“शिकवा की. मी कुठे नाही म्हणतेय?”

म्हणून मी अजून आहे. प्रयोगशाळेत त्या कणाचा शोध चालू आहे, पत्ता नाही. तो दिसूच नये असं मला वाटतं. खोटं कशाला बोलू? पण प्रयोगशाळेतून फोन आला की मुलीच्या आधी बाबाच धावतात. परवा वर्गात तर मला अर्धवट लिहून फोन घ्यायला बाहेर गेले. हिरमुसून परतले, मला पूर्ण केलं. माझ्याकडे न बघताच.

तो सापडलाच, तर एकच मागणं आहे. मला मुलीनं पुसू नये. ज्यांनी लिहिलं, त्यांनीच पुसावं. आणि तेवढा वेळ तरी फोन खिशात ठेवावा.