चौदा नंबरमधला हिस्सा

"एसी आतल्या खोलीतला बंद आहे," टेबलामागची मुलगी म्हणाली. "मागच्या जिन्यानं जा, काका."

मापाडी पिशवी सावरत तसेच उभे राहिले. मग त्यांनी पिशवीतून पाकीट काढलं, आतलं पत्र उलगडून तिच्यापुढे ठेवलं आणि सांगितलं की आपण दुरुस्तीला नाही, सभेला आलोय. शेअर आहेत आपले. मुलगी ओशाळली. नाव सापडायला वेळ लागला, कारण यादीत बहुतेक बँका आणि फंड होते. माणसं अगदी शेवटच्या पानावर होती.

आत साठेक खुर्च्या मांडल्या होत्या आणि समोरच्या लांब टेबलाशी सात जण बसले होते. साठ खुर्च्यांवर कुणीच नव्हतं. मापाडी तिसऱ्या रांगेत बसले. पहिल्या रांगेत बसावं इतकी आपली ओळख नाही असं त्यांना वाटलं, आणि शेवटच्या रांगेत बसायला काही तीन तास बसचे धक्के खाल्ले नव्हते, असंही.

मापाडी हे त्यांचं नाव नव्हे. तेलक्षेत्रावर एकतीस वर्षं टाक्या मोजल्या म्हणून पडलेलं. विहिरींतून आलेलं तेल टाकीत साठायचं. रोज सकाळी लोखंडी शिडीनं टाकीच्या माथ्यावर चढायचं, वाऱ्याकडे पाठ करून झाकण उघडायचं, पितळी ओळंबा लावलेली टेप तळाला टेकेपर्यंत सोडायची आणि वर ओढून तेलाची रेघ कुठे आली ते वहीत लिहायचं. ऊन असो, पाऊस असो, अंगात ताप असो. त्यांच्या मापात कुणी कधी खोट काढली नाही. तेल मात्र कंपनीचं.

जिच्या सभेला ते आले होते त्या रॉयल्टीच्या कंपनीचा शोध त्यांच्या बायकोनं लावला. ती शाळांचे गणवेश शिवायची आणि जुन्या वर्तमानपत्रांवर माप बेतायची. एकदा कात्री चालवता चालवता तिनं असंच एक पान वाचून काढलं. अशी एक कंपनी होती की जी विहीर खणत नाही, तेल शुद्ध करत नाही, विकतही नाही. जमिनीखालच्या तेलाचे आणि वायूचे हक्क तेवढे तिच्या नावावर. काढणारा दुसराच, खर्च त्याचा, विहीर कोरडी निघाली तर कपाळाला हातही त्यानंच लावायचा. वर येईल त्यातला ठरलेला हिस्सा मात्र हिचा. आणि त्या हक्कांमध्ये मापाडींचंच तेलक्षेत्र होतं. त्यांचा दोस्त, पंप दुरुस्त करणारा फिटर, ऐकून हसला. म्हणजे आयत्या बिळावर नागोबा की, म्हणाला. पण बायकोनं शिवणाच्या पैशांतून शेअर घेतलेच.

"आयुष्यभर लोकांचं तेल मोजताय," ती म्हणाली. "त्यातला एक थेंब तरी आपला असू दे."

लाभांश बेताचाच असायचा. पण दर वर्षी कंपनीचा अहवाल घरी यायचा आणि त्याच्या मागच्या पानांवर, बारीक टायपात, कुठल्या विहिरीनं किती दिलं त्याची यादी. ती वाचायची, हे ऐकायचे. एकवीसला पाणी लागलंय. नऊ नंबरचा पंप खोकतोय, बदलायला हवा. तिसाव्या विहिरीत वायूच फार. जशी काही नात्यागोत्यातल्या माणसांची खुशाली चालली आहे. त्यातली चौदा नंबर सगळ्यांत जुनी. ती दमायची. दोन दिवस बंद ठेवली की तिसऱ्या दिवशी पुन्हा भरभरून द्यायची. बायको म्हणायची, मलाही कुणीतरी दोन दिवस बंद ठेवा, मग बघा.

ती आजारी पडली त्याच वर्षी तेलाचे भाव कोसळले. लाभांश आलाच नाही आणि शेअरची किंमत पाव राहिली. मापाडींनी जे येईल त्यात विकून टाकायचं ठरवलं, पण तिनं पडल्या पडल्या त्यांचं मनगट धरलं.

"पडत्या भावात विकायचे नाहीत. थांबा."

ते थांबले. दीड वर्षानं भाव वर आले. ती तेवढी थांबली नव्हती.

त्याला चार वर्षं झाली. अहवाल आला की मापाडी टेबलाशी बसून एकटेच मोठ्यानं वाचत. एका वर्षी त्यांनी मुद्दाम लेकीला फोन करून सांगितलं की चौदा अजून देतेय बरं का. लेक दूरच्या शहरात दवाखान्यात नोकरीला होती. तिनं विचारलं, बाबा, गोळ्या वेळेवर घेता ना?

यंदा अहवालाच्या पाठोपाठ ते पत्र आलं. एक मोठी कंपनी ही कंपनी विकत घेत होती. सभेत ठराव मंजूर झाला की सगळ्यांचे शेअर रोख रकमेत जाणार, कुणाच्या मनात असो वा नसो. लेकीनं आणि जावयानं आलटून पालटून समजावलं. भाव चांगला मिळतोय, सगळं एकाच कंपनीत अडकवून ठेवणं तसंही शहाणपणाचं नव्हतं, आणि आता तिकडे एकट्यानं राहायचं तरी कशाला, सरळ आमच्याकडे या. यातलं खोडून काढण्यासारखं काहीच नव्हतं. मापाडी बरं म्हणाले. पण त्यांना सारखी अहवालातली एक ओळ दिसत होती. यंदा चौदा नंबरपुढे आकडा नव्हता, नुसती आडवी रेघ होती.

अध्यक्षांनी ठराव वाचला. कुणाचा काही प्रश्न, असं त्यांनी कागदाकडे बघतच विचारलं. मापाडी उठले.

"चौदा नंबरपुढे रेघ का आहे?"

अध्यक्षांनी पानं चाळली, शेजाऱ्याच्या कानाशी काही विचारलं. तोवर मापाडी सांगू लागले. ती विहीर रोज चालवायची नसते. दोन दिवस बंद ठेवायची, मग ती देते. नव्या माणसांना हे ठाऊक नसणार, त्यांनी घाई केली असेल, ती अशी एकाएकी आटणारी नाही. ते जरा जास्तच बोलले. चार दिवसांत कुणाशी एवढं बोलणं झालं नव्हतं.

टेबलाच्या टोकाची इंजिनिअर बाई उठली आणि वळसा घालून त्यांच्या रांगेपर्यंत आली.

"तुम्ही होता तिथं?"

"एकतीस वर्षं. मोजायचो."

"ते लोक तसंच चालवत होते, काका. दोन दिवस बंद, एक दिवस चालू. जुन्या वहीत लिहिलेलं होतं. मग आठवडाभर बंद ठेवूनही काही येईना. उन्हाळ्याच्या आधी सिमेंट भरून बंद केली. मी गेले होते त्या दिवशी."

मापाडींनी समोरच्या खुर्चीची पाठ धरली.

"सिमेंट नीट बसलं?"

"बसलं. दोनदा तपासलं."

त्यांनी मान हलवली आणि ते खाली बसले. ती थोडा वेळ तशीच शेजारी उभी राहिली, मग जागेवर गेली.

ठरावाच्या बाजूनं टेबलावरचे हात वर झाले. विरोधात, असं म्हणून अध्यक्षांनी पान उलटलंसुद्धा, आणि मग तिसऱ्या रांगेतला हात पाहून चष्मा काढला. ते चांगले गृहस्थ होते. त्यांनी समजुतीनं सांगितलं की शंभरातली सत्त्याण्णव मतं आधीच टपालानं येऊन पडली आहेत, सगळी बाजूनं. आता कुणीही हात वर केला तरी काही बदलणार नाही. शिवाय यात तुमचाही फायदाच आहे.

"माहीत आहे," मापाडी म्हणाले. हात खाली आला नाही.

कागद घेऊन बसलेल्या चिटणीस बाईंनी अध्यक्षांकडे पाहिलं, मग मापाडींकडे.

"नोंद करायची?"

"करा."

"कारण?"

"लिहावंच लागतं का?"

"तसं नाही."

"मग नुसता हात लिहा."

बाईंचं पेन उठेना. त्यांनी ते झटकलं, कागदाच्या कडेला गिरवून पाहिलं, शेजाऱ्याचं मागून घेतलं. त्यांचं लिहून होईपर्यंत मापाडींनी हात वरच ठेवला होता.

सभा वीस मिनिटांत आटोपली. बस सुटायला दीड तास होता. स्टँडच्या बाकावर ते टेकले तेवढ्यात लेकीचा फोन आला.

"झालं का, बाबा?"

"झालं. मंजूर."

"सगळ्यांचं एकमत ना?"

"एक हात विरोधात होता."

"एवढा भाव मिळतोय तरी?" ती हसली. "कोण असतं असं?"

"असतो एखादा म्हातारा," मापाडी म्हणाले.

उजवा खांदा भरून आला होता. त्यांनी फोन डाव्या हातात घेतला. लेक त्यांच्यासाठी रिकाम्या केलेल्या खोलीबद्दल सांगत होती, पलंग कुठं ठेवलाय, खिडकी कुठल्या बाजूला येते. ते सगळं ऐकून घेत होते आणि मधून मधून हं म्हणत होते.