यजमान बसत नाही

बेलग्रेडहून म्युनिकला विमान दोन तासांच्या आत पोचतं. पण माझा म्हातारा, स्वेतोझार, विमानाचं नाव काढलं की छातीवर हात ठेवतो, म्हणून मुलाकडे जायला आम्ही अठरा तास आगगाडीत. माझ्या मांडीवर मी भाजलेला स्लावाचा, म्हणजे आमच्या घराण्याच्या संताच्या सणाचा, पाव, पायाशी तळलेल्या माशांचा डबा आणि त्याच्या कुशीत लोकरी बंडीत गुंडाळलेली संत निकोलाची तसबीर. शंभर वर्षांत ती आमच्या भिंतीवरून हलली नव्हती.

झाग्रेब मागे पडलं तेव्हा मी सहज विचारलं, "मिलोवान काय म्हणाला रे फोनवर?"

"कुठला फोन? मी केलाच नाही."

"काय? ‘फोन मी करतो, तू हात लावू नकोस’ असं तूच म्हणालास ना?"

"विचार केला मग. दारिंका, स्लावाला कुणी बोलावतं का? कुणी कळवून येतं का? ज्याच्याकडे स्लावा असते त्याचं दार उघडं असतं, पाहुणा आपसूक येतो."

"अरे पण त्याच्याकडे असते का स्लावा? सहा वर्षं तोंड पाहिलं नाहीस त्याचं!"

"तेच बघायला चाललोय," तो म्हणाला आणि बाहेर बघू लागला.

मीच मूर्ख! हा स्वतःहून पोराशी बोलणार म्हणून मला इतका आनंद झाला होता की पुढे काही विचारलंच नाही.

सहा वर्षांपूर्वी स्लावाच्याच दिवशी, भरल्या घरात दोघांची जुंपली होती. मिलोवानला जर्मनीत कारखान्यात जायचं होतं, याला तो शेतावर हवा होता. स्लावाची मेणबत्ती जळत असतानाच पोरानं बॅग उचलली. हा ओरडला, "मेणबत्ती विझायच्या आत उंबरा ओलांडलास तर परत येऊ नकोस!" तो आला नाही. तिकडेच त्यानं रेनाटेशी लग्न केलं. मी महिन्यातून एकदा चोरून फोनवर बोलायचे, पण स्लावाचं विचारायची कधी हिंमत झाली नाही. यंदा उन्हाळ्यात डॉक्टरांनी म्हाताऱ्याच्या हृदयाचं सांगितलं आणि त्याला एकच घोर लागला. आमच्याकडे घराण्याचा संत बापाकडून मुलाकडे जातो. मुलानं नाही घेतला, तर पणजोबापासून चालत आलेलं सगळं तिथेच संपतं.

साल्झबर्गला उजाडायला लागलं तसा हा उठून उभा राहिला. समोर बसलेल्या एका कामगाराला वाटलं आम्हाला उतरायचंय, त्यानं बिचाऱ्यानं बॅगसुद्धा खाली काढून दिली.

"बस की बाबा," मी म्हणाले. "दोन तास आहेत अजून."

"आज एकोणीस तारीख. यजमान बसत नाही."

"घर राहिलं कुठल्या कुठे! कसला यजमान? आधी हृदय सांभाळ!"

स्लावाला घरच्या यजमानानं बसायचं नसतं आणि चाळीस वर्षं या दिवशी तो शेवटचा पाहुणा जाईपर्यंत उभाच असतो, हे मान्य. पण गाडीत? खिडकीच्या दांड्याला धरून तो म्युनिकपर्यंत डुलत उभा राहिला आणि मी पाव सांभाळत त्याला शिव्या घालत बसले.

मिलोवानचं घर तिसऱ्या मजल्यावर. बेल वाजवली तर रेनाटेनं दार उघडलं. फोटोवरून तिनं आम्हाला ओळखलं आणि तोंडावर हात धरला.

"मिलोवान नाही," ती आमच्या भाषेत एकेक शब्द शोधत म्हणाली. "काल गेला. गाडीने. तुमच्या घरी. स्लावाला."

"आमच्या घरी? अगं, मग फोन नाही का करायचा?"

"मी म्हटलं, फोन कर. तो म्हणाला, स्लावाला बोलावणं लागत नाही. कळवत पण नाहीत."

मी कपाळावर हात मारून घेतला. वाटेत कुठेतरी दोन गाड्या शेजारून गेल्या, एकीत बाप, एकीत लेक, आणि दोघांच्याही घरी फोन! एकाच माळेचे मणी मेले.

मला वाटलं म्हातारा आता कोसळतो. पण तो स्वयंपाकघराच्या भिंतीकडे बघत होता. कॅलेंडरातून कापलेला संत निकोला तिथे चिकटवला होता. खाली बशीत मेणबत्त्यांची जळून उरलेली टोकं होती. त्यानं ती बोटानं मोजली. पाच. वर्षाला एक.

त्यानं बंडी सोडली, तसबीर तिथेच टेकवली, नवी मेणबत्ती लावली. आम्ही पाव कापला. तो आम्हा दोघींच्या पेल्यांत वाइन ओतत राहिला.

"बसा ना, बाबा," रेनाटे म्हणाली.

"त्याला सांगू नकोस, बसणार नाही तो," मी म्हणाले.

अडीच वाजता फोन वाजला. रेनाटे जर्मनमध्ये भराभर काहीतरी बोलली आणि तिनं रिसीव्हर त्याच्या हातात दिला.

"बाबा?" आवाज एवढा मोठा की मलाही ऐकू आला.

म्हाताऱ्यानं रिसीव्हर कानाला घट्ट धरला. मी त्याला कोपरानं ढोसलं.

"किल्ली कुठे मिळाली?" सहा वर्षांनंतरचं पहिलं वाक्य काय, तर हे!

"शेजारच्या मिलुंका काकूकडे. धुराड्यातून धूर निघालेला बघून अख्खी आळी आलीय. ज्याच्या त्याच्या हातात भांडं. पण बाबा, तसबीर कुठाय? भिंतीवर नुसता खिळा आहे. मी मेणबत्ती खिळ्यासमोरच लावली."

"चालेल. पाहुण्यांचं कोण बघतंय?"

"मीच. आल्यापासून टेकलो नाही, पायांचे तुकडे पडलेत."

स्वेतोझारनं बाहीनं डोळे पुसले. माझेही भरून आले होते, खोटं कशाला बोलू?

"मेणबत्ती विझेपर्यंत थांब," तो म्हणाला.

"थांबतो, बाबा."

त्यानं रिसीव्हर ठेवला. टेबलाखालची खुर्ची ओढली आणि हळूच तिच्यावर बसला. निकोलाच्या दिवशी मी त्याला पहिल्यांदाच बसलेलं बघत होते. मी ताट घेतलं आणि त्याला मासा वाढला.