जांभळ्या चौकोनातला हॉल

मित्रांनो, मी एक जुना नकाशा आहे. नगररचना कार्यालयाच्या लोखंडी कपाटात, सर्वांत खालच्या खणात, पत्र्याच्या नळीत मी गुंडाळून ठेवलेला असतो. माझ्या अंगावर एकच वस्ती आहे, एक मोठा रस्ता आणि सहा गल्ल्या. माझ्यात एक चूक आहे. एकोणतीस वर्षे ती कोणाच्या लक्षात आली नाही. गेल्या वर्षी लक्षात आली, तेव्हा त्या चुकीपायी एका बाईंचा गाण्या-नाचाचा हॉल बंद पडायला आला होता.

मला ज्यांनी घडवले त्यांना सारे ऑफिस पट्टीकाका म्हणत असे. ते ड्राफ्ट्समन होते. त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी सहा इंची पट्टी असायची. काका बिस्कीटसुद्धा मोजून मोडतात, असे शिपाई म्हणायचा, आणि ते अगदीच खोटे नव्हते. दिवसा ते मोजायची फीत आणि पाहणीची वही घेऊन गल्लीबोळ पालथे घालत. मग टेबलाशी बसून माझ्यावर शाईने रेघा ओढत आणि रंग भरत. घरांना पिवळा, दुकानांना निळा, शाळा-दवाखान्यांना लाल आणि गोदामांना जांभळा. मला पुरा करायला त्यांना चार महिने लागले. साहेबांनी सही करताना म्हटले, “यात सुतभरही इकडचं तिकडे नाही.” त्या दिवसापासून मला जी शिष्टपणाची सवय लागली, ती फार वर्षे गेली नाही.

पुढची वर्षे माझी ऐन उमेदीची होती. मी भिंतीवर होतो. कोणाला गॅलरी वाढवायची असे, कोणाचा शेजाऱ्याशी कुंपणावरून वाद असे. माणसे तावातावाने येत, माझ्यावर बोट ठेवत आणि गप्प होत. “नकाशात काय आहे ते बघा,” एवढे म्हटले की भांडण मिटे. एकदा मला टेबलावर उतरवले असता कोणीतरी माझ्यावर चहाचा ग्लास ठेवला आणि मोठ्या चौकात एक तपकिरी गोल उमटला. तेव्हा पट्टीकाका दोन दिवस कोणाशी धड बोलले नाहीत.

मग कॉम्प्युटर आला. मला एका काचेवर पालथे घातले, अंगावरून उजेड फिरवला आणि झाले. माझी नक्कल पडद्यावर गेली आणि मी नळीत गेलो. त्या नकलेत माझी चूकही जशीच्या तशी गेली. याचे वाईट मला तेव्हा वाटले नाही, कारण आपण चुकलो आहोत हे मला तरी कुठे ठाऊक होते?

मित्रांनो, माझी वस्ती दिवसा पेंगते आणि दिवेलागणीला जागी होते. गाणे-बजावणे, नाच, खाणावळी, सारे तिथे संध्याकाळी उघडते. पुढे तिथे घरेही वाढू लागली आणि आवाजाच्या तक्रारी आल्या. तेव्हा कार्यालयाने एक साधा नियम केला. जो नंतर येईल, त्याने आवाजाची सोय आपल्या खर्चाने करावी. जुन्या हॉलशेजारी नवी इमारत उठली, तर तिला जाड भिंती आणि दुहेरी काचा बिल्डरने बसवायच्या. जुन्या घरांशेजारी नवा हॉल निघाला, तर हॉलवाल्याने आवाज कोंडायचा. नियम चांगला होता. फक्त आधी कोण आले हे तो मला विचारायचा.

तिसऱ्या गल्लीत माझ्यावर एक जांभळा चौकोन आहे, म्हणजे गोदाम. त्याला लागून एका बिल्डरने पाच मजली इमारत बांधली. शेजारी गोदाम आहे म्हटल्यावर त्याने झोपायच्या खोल्या त्याच बाजूला काढल्या आणि खिडक्यांना साध्या काचा लावल्या. दिवसा काम करणाऱ्या त्याच्या माणसांनाही तिथे बंद शटरच दिसे. त्याने लबाडी केली नव्हती. त्याने माझ्यावर विश्वास ठेवला होता.

तिसऱ्या मजल्यावर एक नर्सबाई राहायला आल्या. त्यांची ड्यूटी सकाळी सहाला सुरू होई. साडेचारला उठायचे आणि शेजारची धमधम अकरापर्यंत थांबायची नाही. सहा महिने त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नाही. शेवटी त्यांनी अर्ज दिला. त्यात लिहिले होते, “मी माणसांना इंजेक्शनं देते. माझा हात थरथरला तर कोणाला विचारायचं?”

कार्यालयाने मला पाहिले. गोदाम. मग तिथे हॉल आला कुठून? नंतर काढला असणार, तोही विनापरवानगी. तीस दिवसांत हॉल बंद करा, अशी नोटीस गेली.

हॉलवाल्या बाई सुनावणीला आल्या, तेव्हा त्यांनी पिशवीभर फोटो आणले होते. “माझ्या सासूबाईंनी हॉल सुरू केला तेव्हा मी लग्न होऊन आलेसुद्धा नव्हते,” त्या म्हणाल्या. “आता मी आहे, माझे दीर ड्रम वाजवतात, आणखी नऊ माणसं आहेत. हॉल गेला तर आम्ही करायचं काय?” पण फोटोंवर तारीख नव्हती. सासूबाईंच्या नावाचा परवाना घर बदलताना हरवला होता आणि इतके जुने कागद परवाने देणारे खातेही ठेवत नव्हते. मला नळीतून काढून टेबलावर पसरले होते. बिल्डरचा इंजिनिअर माझ्यावर बोट ठेवून शांतपणे म्हणाला, “नकाशात काय आहे ते बघा.” हेच वाक्य ऐकून आजवर मी फुशारत आलो होतो. त्या दिवशी बाईंच्या चेहऱ्याकडे मला पाहवेना.

नगररचनेच्या मॅडमनी पट्टीकाकांना बोलावून घेतले होते. काका चौऱ्याहत्तर वर्षांचे झाले होते. चौतीस वर्षांच्या नोकरीत एकही चूक नाही, असे निवृत्त होताना त्यांना मानपत्र मिळाले होते आणि ते त्यांच्या घरी दर्शनी भिंतीवर होते. त्यांनी मला हलक्या हाताने सरळ केले. जांभळ्या चौकोनावर त्यांचे बोट थांबले. मग पिशवीतून त्यांनी ती जुनी पाहणीची वही काढली आणि पान उलटून तारीख-वारासकट वाचू लागले.

“सकाळी दहा चाळीस. शटर बंद. बाहेर सोड्याच्या बाटल्यांचे क्रेट रचलेले. भिंतीवर गाण्याच्या कार्यक्रमाचे पोस्टर, शनिवार संध्याकाळ.”

एवढे जुने आठवत नाही, असे ते म्हणाले असते तर कोणीही मान डोलावली असती. वही घरी विसरली असती, तरी चालले असते.

“क्रेट बघून मी गोदाम लिहिलं,” काका म्हणाले. “पोस्टर दिसलं होतं मला. संध्याकाळी परत जायला हवं होतं. पण ऑफिस साडेपाचला सुटायचं. गेलो नाही. हॉल तेव्हाही होता. चूक माझी आहे.”

हॉलवाल्या बाईंनी पदराने डोळे टिपले. पण नर्सबाई उठून उभ्या राहिल्या. “मग माझ्या झोपेचं काय? मी कोणाचं वाईट केलंय?”

“काही नाही,” काका म्हणाले. “तीही माझीच चूक.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातला मॅडम सर्वांना घेऊन जागेवर गेल्या. मला नळीतून बरोबर नेले. मित्रांनो, जन्मात पहिल्यांदा मी माझी वस्ती पाहिली. मला ठाऊक होत्या त्या रेघा. त्या रेघांवर माणसे चालतात, पायऱ्यांवर बसून हसतात, हे मला कोणी सांगितलेच नव्हते. हॉलमध्ये दीर ड्रम वाजवत होते आणि दोन म्हाताऱ्या मैत्रिणी हात धरून नाचत होत्या. मला हॉल फार आवडला.

मग आम्ही तिसऱ्या मजल्यावर गेलो. नर्सबाई म्हणाल्या, “उभं राहून नाही कळणार. उशीवर डोकं ठेवून ऐका.”

काकांनी चपला काढल्या आणि ते त्यांच्या पलंगावर आडवे झाले. इतका वेळ डोळे मिटून पडले की इंजिनिअरला वाटले, म्हातारबुवांना झोप लागली. मी खुर्चीत होतो. ड्रमची धमधम खुर्चीच्या पायांतून माझ्या नळीपर्यंत येत होती. खाली जे गोड वाटले, तेच इथे डोक्यात घण घालत होते. हॉलवाल्या बाई आणि नर्सबाई, दोघीही खऱ्या होत्या आणि मी दोघींच्या मुळावर उठलो होतो.

काका उठून बसले. “हॉलचं मागचं शटर उघडं आहे. आवाज तिथून निघून या काचेतून शिरतोय,” ते म्हणाले. मॅडमनी काचेला हात लावला. काच थरथरत होती.

निर्णय आठवड्याने झाला. बिल्डरला मागच्या बाजूला दुसरी इमारत बांधायची होती. मॅडमनी सांगितले की आधी पहिल्या इमारतीला दुहेरी काचा लावा, मग नवी परवानगी मागा. आणि नव्या इमारतीत हॉलच्या बाजूला जिने आणि स्वयंपाकघरे काढा, झोपायच्या खोल्या पलीकडे. बिल्डरने कुरकुर केली, पण मानले. हॉलवाल्या बाईंना मागचे शटर बुजवायला आणि ड्रम दहाला थांबवायला सांगितले. “शटर उद्याच बुजवते,” त्या म्हणाल्या. “ड्रमचं दिरांना सांगते. ते माझं ऐकतात असं नाही, पण सांगते.”

दिरांनी ऐकले. काचा लागल्यावर महिन्याभराने नर्सबाई तक्रार मागे घ्यायला आल्या. मॅडमनी विचारले, “आता झोप लागते?” त्या म्हणाल्या, “इतकी, की रविवारी नऊला उठले.”

राहिली माझी दुरुस्ती. ती काकांनीच करावी, असे मॅडमचे म्हणणे पडले. जांभळा रंग खोडून टाकू का, असे शिपायाने विचारले. काका म्हणाले, “खोडू नकोस. पुढच्यांना दिसू दे मी कुठे चुकलो ते.” त्यांनी त्या चौकोनावर एक तिरकी रेघ मारली आणि शेजारी बारीक अक्षरांत ‘हॉल’ लिहिले. सवय सुटली होती, रेघ वाकडी आली. माझ्या अंगावरची ती एकच वाकडी रेघ आहे आणि मला तीच सगळ्यांत प्रिय आहे. काकांनी घरचे मानपत्र उतरवून ठेवले, असे पुढे कानावर आले. त्यांनी उतरवायला नको होते, असे मला अजून वाटते.

मित्रांनो, आम्हा जुन्या नकाशांना ओल आणि वाळवीपासून जपा, एवढे मागणे तर आहेच. पण तुमच्यातले कोणी उद्या नकाशे काढतील, कोणी नियम करतील. त्यांना माझे हात जोडून सांगणे आहे. कागदावर रंग भरण्याआधी त्या दारावर एकदा थाप मारा. दार बंद दिसले, तर संध्याकाळी पुन्हा जा. आत कोणीतरी असते.