बागेतले गुडघे

गुडघेदुखीच्या मलमाची चाचणी ठरली तेव्हा पेशंटच मिळेनात. परदेशी मलमं दुकानादुकानांत येऊन बसली होती आणि मकरपुऱ्यातल्या आमच्या छोट्या कंपनीला घाई होती. शेवटी माझे सासरे दत्ताजीराव पुढे झाले. तरसालीच्या बागेत रोज जमणारे म्हातारे मित्र त्यांनी उभे केले, स्वतःचंही नाव दिलं. कंपनीत आकडेमोड करणारी मी एकटीच. मला हायसं वाटलं.

पद्धत साधी होती. कागदावर एक रेघ. डावं टोक म्हणजे अजिबात दुखत नाही, उजवं म्हणजे सहन होत नाही. मलम लावण्याआधी प्रत्येकाने रेघेवर खूण करायची, आणि महिन्याने पुन्हा कोऱ्या रेघेवर. दोन खुणांतला फरक हा त्या माणसाचा निकाल.

सगळ्यांच्या खुणा थोड्या थोड्या डावीकडे सरकल्या. बागेतल्या मित्रांपैकी एकट्या उदयसिंहरावांची थेट उजव्या टोकाला गेली आणि सगळ्यांच्या सरासरीवर पाणी पडलं. आमचे गुजराती मालक मयंकभाई कपाळाला हात लावून बसले आणि काहीतरी करा म्हणून विनवू लागले. "चारुबेन, कंईक करो ने."

तेव्हा अक्कल मीच पाजळली. म्हटलं, माणसं थोडी आणि त्यात असा एक आकडा, तर सरासरीवर विसंबू नये, क्रम लावावा. बरं झालं की बिघडलं हे आधी न बघता फरक लहानापासून मोठ्यापर्यंत रांगेत लावायचे, त्यांना क्रमांक द्यायचे. बरे झालेल्यांच्या क्रमांकांची बेरीज एकीकडे, बिघडलेल्यांची दुसरीकडे. उदयसिंहराव कितीही ओरडले तरी त्यांच्या वाट्याला फक्त शेवटचा क्रमांक. यात लबाडी काही नाही, शास्त्राला धरूनच आहे. मलम पास झालं. मयंकभाईंनी पेढे वाटले. अहवालावर माझी सही तेवढी राहिली.

त्या संध्याकाळी सासूबाई बाबांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, गुडघ्याला तेल चोळत होत्या. मी विचारलं, "आता तेल कशाला? मलमाने बरं वाटतंय ना?"

"डोंबलाचं बरं!" सासूबाई म्हणाल्या. "अगं, ह्यांनी बागेत सगळ्यांना बजावलं, सूनबाईचं मलम आहे, नावं ठेवायची नाहीत. सगळ्यांनी ह्यांचा शब्द राखला. एक उदयसिंहच ऐकेना."

बाबा ओशाळले. "आपल्या पानात कुणी प्रेमाने वाढलं तर खारट म्हणतो का आपण, पोरी?"

मला रागच आला, बाबांचा, त्यांच्या त्या भिडेचा आणि माझ्या हुशारीचा. एकच माणूस खरं बोलला होता आणि नेमका त्याचाच आवाज मी रीतसर दाबला होता. सही केली तर दुखऱ्या गुडघ्यांच्या माणसांची फसवणूक. नाही केली तर कारण सांगावं लागणार, म्हणजे बाबांना चारचौघांत खोटं पाडायचं.

दुसऱ्या दिवशी मयंकभाई कागद घेऊन घरीच आले. मी पेन धरून नुसती बसले होते. बाबांनी ओळखलं, सासूबाईंच्या कालच्या बोलण्यानेच मी अडले आहे. ते बोलणं खोटं पाडायला ते उठले, काठी बाजूला ठेवली आणि गच्चीचा जिना चढून खाली आले.

"जुओ, दादा तो दोडे छे!" बाबा तर धावतायत म्हणून मयंकभाई खूश झाले.

बाबांचा चेहरा घामाने निथळत होता. तरी माझ्याकडे बघून हसले. "अजून शंका आहे, सूनबाई?" म्हणाले, आणि पुन्हा पहिल्या पायरीवर पाय ठेवला. ओठ घट्ट मिटलेले.

"बाबा, पुरे," मी म्हटलं, आणि सही केली.