नागपूरचं लँडिंग

अन्नपूर्णाबाई जन्मात कधी विमानात बसल्या नव्हत्या. पण दुर्गजवळच्या रिसालीतल्या घराच्या मागच्या खोलीत त्या रोज दुपारी विमान चालवायच्या. मुलगा अभिनव नोकरीसाठी हैदराबादला गेला आणि त्याचा कॉम्प्युटर, जॉयस्टिक आणि विमान चालवण्याचा गेम मागेच राहिला. आधी त्यातलं लहान विमान त्यांच्या हातात बसलं. मग हट्टाने त्यांनी मोठं प्रवासी विमान घेतलं. त्यात प्रत्येक बटण खऱ्यासारखं. एक पंप चालू करायचा राहिला, की इंजिन ढिम्म. अभिनवने फोनवर सांगून पाहिलं, आई, हे तुला झेपणार नाही. स्टील प्लँटमधून रिटायर झालेले त्यांचे यजमान पुंडलिकराव त्याला सरळ पोरखेळ म्हणत. बाईंनी दोघांचं ऐकून घेतलं आणि इंजिन चालू करायला शिकल्या.

त्या रविवारी गेममधला त्यांचा ऑनलाइन ग्रुप मिळून रायपूरहून नागपूरला निघाला होता. हेडफोनवर बाईंचा आवाज ऐकून मोहित नावाच्या पायलटने हिंदीत सुचवलं, की आंटींनी सीट दुसऱ्या कोणाला द्यावी. दोघं-तिघं हसले. बाईंनी विमान उडवलं आणि चाकं आत घेतली.

नागपूर जवळ आलं तेव्हा मात्र त्या चुकल्या. विमान फार उंच आणि वेगात राहिलं. धावपट्टी समोर दिसत असूनही त्यांनी उतरणं सोडलं, थ्रॉटल पुढे लोटला आणि पुन्हा वर चढल्या. मोहित म्हणाला, उतरायचं काम ऑटोपायलटला द्या. त्या नको म्हणाल्या.

दुसऱ्या फेरीत त्या धावपट्टीच्या रेषेत येतात न येतात, तोच पुंडलिकराव दारात आले. बाईंची थोरली नणंद शेवंता दुर्गहून आली होती.

"उठ, चहा टाक. आक्का कवाची बसून राहिली."

"तुमी टाका. मी विमान उतरवून राहिली."

मागून शेवंताबाई आल्याच. "कधी विमानात बसली काय वो तू?"

"नाही बसली, आक्का. चालवतो मात्र." त्यांची नजर पडद्यावरून हलली नाही.

धावपट्टी मोठी होत गेली. वारा डावीकडे ढकलत होता आणि बाई जॉयस्टिक उजवीकडे दाबत होत्या. एक चाक आधी टेकलं, विमान उसळलं, पुन्हा आदळलं आणि मधल्या रेषेच्या बरंच बाजूला जाऊन थांबलं. पण धावपट्टीवर थांबलं.

असं उतरतात होय, असं काहीतरी मोहित पुटपुटला. बाईंनी माइक चालू केला.

"हां, असंच उतरवलं. मैंने उतारा. आंटी नहीं, अन्नपूर्णा बोलिए."

शेवंताबाई नाक मुरडून बैठकीत गेल्या. पुंडलिकराव थोडा वेळ दारातच घुटमळले, मग चहापत्ती कुठे आहे ते त्यांनी स्वयंपाकघरातून विचारलं. बाईंनी बसल्या जागेवरून सांगितलं आणि रायपूरला परतण्यासाठी इंधन भरायला घेतलं.